४८ मतांचा निकाल : मुख्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन, नवी दिल्ली

महोदय,

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुमताला २७२ जागा हव्या असताना भाजप २४० वर अडला, राष्ट्रीय लोकशाही आघाडीची बेरीज २९३ वर गेली आणि इंडिया आघाडी २३४ वर राहिली. इतक्या अटीतटीच्या निवडणुकीबद्दल प्रत्येकाचे काही ना काही मत असणार, तसे माझेही आहे. परंतु मी कोणाला मत दिले याचा या पत्राशी संबंध नाही. मी वायव्य मुंबईचा मतदार आहे आणि माझ्या मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. अशा निकालाच्या छाननीचा भार हरलेल्या उमेदवारावर न टाकता आयोगाने तो स्वतः उचलावा, एवढीच माझी मागणी आहे.

४ जून रोजी यंत्रांवरील मतमोजणीत ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि शिंदे गटाचे रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते मिळाली. म्हणजे प्रत्येकी साडेचार लाख मतांवर फरक एका मताचा. टपाली मते अनुक्रमे १,५०१ आणि १,५५० निघाली, पारडे फिरले आणि वायकर विजयी घोषित झाले. बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिका १११ होत्या, म्हणजे विजयी मताधिक्याच्या दुपटीहून अधिक. ‘नोटा’ला १५,१६१ मते पडली. निकाल चुकीचा होता असे मी म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने कीर्तिकर यांची याचिका डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली आणि त्या निर्णयावर मला भाष्य करायचे नाही. माझे म्हणणे मतमोजणीच्या शेवटच्या काही मिनिटांबद्दल आहे.

निवडणूक नियमांतील नियम ६३ नुसार फेरमोजणी हवी असेल, तर एकूण मतांची बेरीज जाहीर झाल्यावर आणि निकाल घोषित होण्यापूर्वी उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने लेखी, सकारण अर्ज करावा लागतो आणि तो मान्य करायचा की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतात. एकदा निकाल घोषित झाला की तो मार्ग बंद होतो आणि उरते ती उच्च न्यायालयातील निवडणूक याचिका. दिवसभर जाळीआडून फेरीमागून फेरीचे आकडे टिपून थकलेल्या, मोबाइल बाहेर ठेवून आलेल्या प्रतिनिधीने त्या गोंधळात कायदेशीर कारणांसह अर्ज खरडावा, ही अपेक्षा कागदावर ठीक वाटते. प्रत्यक्षात तो अर्ज वेळेत दिला की नाही, यावरच पुढे वाद झडत राहतात.

व्हीव्हीपॅटचेही, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राचेही, तसेच. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजायच्या, हा नियम सर्वत्र सारखा आहे. आमच्याकडे जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व अशी सहा क्षेत्रे; म्हणजे तीस यंत्रे. इंदूरमध्ये याच निवडणुकीत विजयी मताधिक्य पावणेबारा लाखांचे होते. तिथेही क्षेत्रामागे पाच यंत्रे आणि ४८ मतांच्या फरकालाही क्षेत्रामागे पाचच, यामागचे तर्कशास्त्र मला आजवर उमगलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सरसकट सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, ते समजण्यासारखे आहे. मात्र त्याच निकालाने यंत्रांच्या पडताळणीची जी सोय दिली, तीसुद्धा दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत अर्ज करून, खर्च भरून मिळवायची आहे. पुन्हा धावपळ हरलेल्यानेच करायची.

२० मे रोजी आमच्या मतदान केंद्रावर रांग इतकी मंद सरकत होती की पुढचा माणूस आत गेल्यावर लोक घड्याळ पाहत. मोबाइल आत नेता येत नव्हता आणि ठेवायला जागा नव्हती, म्हणून एक आजोबा तो घरी ठेवून येतो म्हणाले. ते परतलेले निदान मला तरी दिसले नाहीत. केंद्राबाहेर मोबाइल ठेवण्याची सोय आणि एका केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार, हे दोन्ही निर्णय आयोगाने २०२५ मध्ये घेतले, त्याबद्दल आभार. टपाली मतांची मोजणी संपेपर्यंत यंत्रांची उपांत्य फेरी सुरू करायची नाही, हा सप्टेंबर २०२५ चा निर्णयही योग्यच आहे. आमच्या मतदारसंघासारख्या ठिकाणी तो फार आधी यायला हवा होता.

राजकीय पक्षांकडून मला फारशी आशा नाही. जूनमध्ये महाराष्ट्रातील ४८ पैकी ३० जागा जिंकणाऱ्या महाविकास आघाडीला तेव्हा यंत्रे खुपली नाहीत. नोव्हेंबरमध्ये महायुतीच्या तीन पक्षांना विधानसभेच्या २३० जागा मिळाल्या आणि तीच यंत्रे सदोष ठरली. सत्ताधाऱ्यांची भाषाही निकालागणिक बदलते. हे पाहूनच मी आयोगाकडे आलो आहे.

विजयी मताधिक्य दोन हजारांपेक्षा कमी असेल, तर कोणाच्याही अर्जाची वाट न पाहता त्या मतदारसंघातील सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची आणि टपाली मतांची मोजणी व्हावी, प्रत्येक बाद मतपत्रिकेचे कारण मतदाराचे नाव उघड न करता प्रसिद्ध व्हावे, आणि मतदान प्रतिनिधींना मिळणाऱ्या फॉर्म १७ सीच्या, म्हणजे केंद्रावर नोंदवलेल्या मतांच्या हिशेबाच्या, प्रती त्या मतदारसंघापुरत्या तरी संकेतस्थळावर टाकाव्यात. याने यंत्रणा कोलमडेल ही भीती अनाठायी आहे. २०२४ मध्ये या मर्यादेत वायव्य मुंबईखेरीज केरळातील आट्टिंगल (६८४), ओडिशातील जाजपूर (१,५८७), जयपूर ग्रामीण (१,६१५) आणि छत्तीसगडमधील कांकेर (१,८८४) एवढेच मतदारसंघ आले असते. सात टप्प्यांत दीड महिना मतदान चालवणाऱ्या देशाला या मोजक्या ठिकाणी आणखी दोन दिवस थांबायला हरकत नसावी.

नियम ६३ मध्ये बदल करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, पण तो आयोगाशी विचारविनिमय करूनच वापरायचा असतो. म्हणून प्रस्तावाची सुरुवात निर्वाचन सदनातून व्हावी आणि २०२९ च्या निवडणुकीची अधिसूचना निघण्याच्या पुरेशा आधी व्हावी, अशी विनंती आहे. पत्राची प्रत विधी व न्याय मंत्रालयालाही पाठवत आहे.

आपला,
वायव्य मुंबई लोकसभा मतदारसंघातील एक मतदार