नाथसागरावरची बुडी बदके मोजायची तर काठ, वेळ आणि वारा सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर जानेवारीत पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, आशियाई पाणपक्षी गणना होते आणि पाठोपाठ ‘जायकवाडीत बदके घटली’ किंवा ‘यंदा पक्ष्यांची गर्दी’ अशा बातम्या येतात. आकडा छापला जातो. तो कोणत्या काठावरून, किती वाजता, किती वाऱ्यात घेतला हे छापले जात नाही. काठालगतच्या उथळ पाण्यात चोच घालणाऱ्या थापट्या किंवा तलवार बदकासाठी एक वेळ हे चालून जाईल. छोटी लालसरी, मोठी लालसरी, शेंडी बदक ही बुडी मारणारी बदके मात्र अशा गणनेत हमखास चुकतात. छोटी लालसरी २०१५ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ (Vulnerable) वर्गात आहे, म्हणून ही चूक किरकोळ मानता येत नाही.

मूळ अडचण या बदकांच्या दिनक्रमात आहे. ती बरीचशी रात्री चरतात आणि दिवसा उघड्या पाण्याच्या मध्यावर दाट थवा करून झोपतात. नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त २७ किलोमीटर रुंद आहे. मध्यावरचा थवा काठावरून नुसती काळी रेघ दिसतो. शिवाय या बदकांचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात आणि वजनाच्या मानाने पंख लहान. थापट्यासारखी ती जागच्या जागी उसळून उडत नाहीत. वाऱ्याकडे तोंड करून, पाण्यावर पाय आपटत धाव घेतल्यावरच त्यांना हवा धरता येते.

हे सगळे सर्वांत बारकाईने ओळखतात ते शिकारी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवान्याने शिकारीची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली, आणि ते योग्यच झाले. अमेरिकेतल्या मिशिगन, सेंट क्लेअरसारख्या मोठ्या सरोवरांवर आजही हंगामात परवाना घेऊन या गटाच्या बदकांची शिकार चालते. तिथली पद्धत अशी: आदल्या दुपारी थवे कुठे चरतात ते पाहून ठेवायचे, पहाटेच्या अंधारात तिथे पोचायचे, पाण्याला जवळपास समतल अशी करडी, बसकी होडी नांगरायची आणि वारा पाठीशी घ्यायचा. मग एका लांब दोरीवर दीड-दोन मीटरच्या अंतराने नकली बदके अडकवायची. दोरीच्या दोन्ही टोकांना वजन. अशा दोन-तीन ओळींत साठ ते शंभर नकली बदके पाण्यावर राहतात. ओळींचे शेपूट वाऱ्याच्या दिशेने लांबवर वाहते ठेवायचे आणि होडीपासून पंचवीस-तीस मीटरवर पाणी मोकळे सोडायचे. बुडी बदके पाण्याला लागून, ओळीच्या कडेकडेने उडत येतात आणि वाऱ्याला तोंड देत त्या मोकळ्या जागेत उतरतात. पांढऱ्या पाठीचे नर जास्त मांडायचे, कारण लांबून तोच रंग दिसतो. आणि दिवस निवडायचा तो वारा व लाटांचा, कारण शांत उन्हाच्या दिवशी ही बदके मध्यावरून हलतच नाहीत.

गणकाने नेमका उलटा दिवस निवडावा. थवा बसलेला हवा, पाणी सपाट हवे. वारा ताशी दहा किलोमीटरच्या वर गेला की लाटांच्या खळग्यांत पक्षी लपू लागतात. दहाच्या सुमारास ऊन तापले की पाण्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीत लालसरीचे डोके व पाठ एकमेकांत मिसळतात. जानेवारीत पैठणला सात वाजून काही मिनिटांनी सूर्य उगवतो. म्हणजे हाती राहतात ते सव्वासात ते साडेनऊ एवढेच दोन-सव्वादोन तास. या वेळेत सूर्य पाठीशी हवा, म्हणून पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे पाहायचे. धरण जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे, हे आपले भाग्यच म्हणायला हवे. भिंतीवर जाण्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी आधी काढून ठेवावी. पश्चिमेच्या काठावरचे ठिकाण संध्याकाळी चार ते साडेपाच या वेळेत करावे.

उंचीचा प्रश्न तर कुणी विचारातच घेत नाही. बसलेले बदक पाण्याच्या वर जेमतेम १५ सेंटीमीटर असते. काठावर उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून दोन मीटरवर आणि थवा एक किलोमीटरवर असला, तर पुढचे बदक आपल्या मागचे सुमारे ८० मीटर पाणी झाकते. डोळा दहा मीटरवर नेला की हेच अंतर सुमारे १५ मीटरवर येते. काठावरून ‘तीनशे’ दिसलेला दाट थवा भिंतीवरून कितीतरी मोठा निघतो तो यामुळे. म्हणून टेकाड, भिंत, जॅकवेलचा (पाणी उपसण्याच्या विहिरीचा) चौथरा, जी उंच जागा मिळेल ती घ्यावी आणि दरवर्षी तीच ठेवावी. नाहीतर पाच वर्षांचे आकडे एका तक्त्यात मांडण्यात काही अर्थ नाही.

साधन म्हणजे तिवईवरची ८० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण. ती २० ते ६० पट मोठे दाखवते म्हणून सरळ ६० वर नेऊ नये. प्रतिमा अंधारते, हलते आणि हवेची थरथरही तेवढीच वाढते. मोजायला २५-३० पट पुरते. तिवईचे पाय आखूड करून, तिच्या मधल्या हुकला पिशवी लटकवून, खाली बसून मोजावे. आधी पाण्याचे पट्टे पाडावेत: सांडव्याचे दरवाजे, वीजवाहिनीचे मनोरे, पाण्यातली उभी झाडे या खुणा वहीत काढून घ्याव्यात. मग एका पट्ट्यात दहा पक्षी नीट मोजून त्यांची जागा डोळ्यांत बसवायची, त्यावरून पन्नासाचा ठोकळा आणि त्या ठोकळ्याने थवा. थव्याची दाटी सगळीकडे सारखी नसते, म्हणून दाट आणि विरळ भागांसाठी ठोकळा वेगळा घ्यावा. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावे. फरक वीस टक्क्यांहून जास्त आला तर दोघांनी पुन्हा मोजायचे, सरासरी काढून मोकळे व्हायचे नाही. मोठ्या थव्यांत माणसाचा अंदाज बहुधा कमीच येतो.

थवा चरत असेल तर आणखी एक अडचण येते. बुडी साधारण पंधरा ते पंचवीस सेकंदांची असते आणि कोणत्याही क्षणी थव्याचा बराच भाग पाण्याखाली असतो. अशा वेळी चाळीस-पन्नास पक्ष्यांचा एक तुकडा धरून दहा-दहा सेकंदांनी पाच वेळा मोजावा आणि सर्वांत मोठा आकडा घ्यावा. झोपलेला थवा मिळाला तर याची गरज नाही, म्हणून सकाळचा पहिला तास वाया घालवू नये.

ओळख पटवताना सर्वांत जास्त घोळ वारकरी पक्ष्यामुळे होतो. त्याच्या काळ्या गर्दीत लालसरी लपते आणि उलटही घडते. वारकरी पोहताना मान पुढेमागे हलवतो, पाठ गोल दिसते, बुडी मारण्याआधी किंचित उसळी घेतो, कपाळ पांढरे असते. छोटी लालसरी पाण्यात खोल बसते आणि शेपूट पाण्याला टेकते. नर लांबूनही ओळखू येतो: दोन्ही टोके गडद, मधला भाग फिका करडा. शेंडी बदकाचा नर काळा आणि कुशीला स्वच्छ पांढरा. मोठी लालसरी अंगाने मोठी, पाण्यावर उंच बसणारी. नराचे डोके नारिंगी आणि चोच लाल. उडताना शेंडी बदकाच्या पंखावर पांढरा पट्टा चमकतो, छोट्या लालसरीचा पट्टा करडा असतो. नर-माद्या वेगळ्या मोजता आल्या तर जरूर मोजाव्यात. हिवाळ्यात लालसरीच्या माद्या नरांपेक्षा जास्त दक्षिणेला उतरतात, त्यामुळे आपल्याकडचे प्रमाण युरोपातल्या प्रमाणाहून वेगळे असणार. नुसत्या एकूण आकड्यातून हे कधीच कळणार नाही.

आता पाण्याच्या पातळीबद्दल. ही बदके बहुधा एक ते तीन मीटर खोलीवर, पाण्याखालच्या वनस्पती आणि शिंपल्या-किडे जिथे असतील तिथे चरतात. जलाशय समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांवर, म्हणजे पूर्ण भरलेला असेल तर हा पट्टा काठच्या बुडालेल्या शिवारांवर येतो. पाणी उतरले की त्याच जमिनीत गाळपेर होते आणि चराईचा पट्टा आत सरकतो. नाथसागर पसरट आणि उथळ असल्याने कित्येक ठिकाणी हे अंतर किलोमीटरने मोजावे लागते. गणनेच्या ठरलेल्या ठिकाणावरून दोनशे बदके कमी दिसली तर ती गेली असतील किंवा नुसती आत सरकली असतील. त्या दिवसाची पातळी आकड्याशेजारी लिहिली असेल तरच हे सांगता येते.

होडीने जवळ जाऊन मोजण्याचा मोह टाळावा. वारा येतो त्या बाजूने होडी आली की ती बदकांची धावेची वाट अडवते. बदके घाबरून फुटतात, दोन-तीन तुकड्यांत दूर बसतात आणि पुढच्या ठिकाणचा गणक त्यांनाच पुन्हा मोजतो. दिवसाची झोप मोडल्याचा फटका वेगळाच. होडी लागणारच असेल तर वाऱ्याच्या खालच्या अंगाने, म्हणजे वारा जातो त्या बाजूने, यावी आणि अर्ध्या किलोमीटरवर इंजिन बंद करावे. ड्रोनला तर परवानगीच देऊ नये. सगळी ठिकाणे एकाच वेळी मोजली जावीत आणि थवा उठला की वेळ व दिशा फोनवर लगेच पुढच्या गटाला कळवावी.

मासेमार बांधवांना सोबत घेतल्याशिवाय हे काम पुरे होत नाही. थवे रात्री कुठे चरतात ते त्यांनाच ठाऊक असते. एक ते तीन मीटर पाण्यात रात्रभर उभी राहणारी फासजाळी बुडी बदकांना अडकवून बुडवू शकतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी चराईच्या पट्ट्यात ती लावू नयेत याबद्दल वन आणि मत्स्यव्यवसाय विभागांनी त्यांच्या सहकारी संस्थांशी बोलावे. जाळ्यात मेलेला पक्षी आणून देणाऱ्यावर गुन्हा दाखल होण्याची भीती आहे तोवर कुणी एकही पक्षी दाखवणार नाही. ती भीती आधी दूर करावी.

आपल्या वृत्तपत्राला विनंती एवढीच की येत्या जानेवारीत आकडा छापताना त्यासोबत पाच गोष्टी वन विभागाकडून मागून घ्याव्यात: ठिकाण, वेळ, वारा, पाण्याची पातळी आणि मोजणाऱ्यांची संख्या. बातमीत दोन ओळी वाढतील.

आपले,
नाथसागराच्या काठावरचे काही पक्षीगणक