शके १८१९ चे झाले इसवी सन १८१९!

महोदय,

कुलवृत्तांत आता ऑनलाइन करून टाका, एका क्लिकचे काम आहे, असा सल्ला आपल्या रविवार पुरवणीत वाचला. ऑनलाइन जरूर करावा. ‘एका क्लिकचे’ एवढे मात्र कबूल नाही.

मी निवृत्त तलाठी. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे.) वारस नोंदीत एक नाव सुटले की भाऊबंद कसे एकमेकांच्या उरावर बसतात, ते नोकरीत पुष्कळ पाहिले. निवृत्तीनंतर घरच्या चोपड्या, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडची नामावळ आणि नव्वदीच्या आत्याची स्मरणशक्ती एवढ्या भांडवलावर आमची ४१२ माणसे एका सॉफ्टवेअरमध्ये भरली. सहा वर्षे लागली. मग न्यू जर्सीचा पुतण्या म्हणाला, ‘काका, वंशावळीच्या साइटवर टाका, आम्हीही भर घालू.’ टाकली.

दुसऱ्या दिवशी उघडून पाहतो तर ४१२ च्या ४१२ जणांच्या नावांजागी नुसती प्रश्नचिन्हे!

असा डेटा इकडून तिकडे नेतात तो ‘जेडकॉम’ नावाच्या फाइलमधून. अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चने १९८४ साली ही पद्धत काढली. फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. ओळीच्या सुरुवातीला ०, १, २ असा पायरीचा आकडा, पुढे खुणेचा शब्द, मग मजकूर. आडनाव दोन तिरप्या रेघांमध्ये. सातबारा वाचता येणाऱ्याला हे अवघड नाही. माझी चूक तिथेच सापडली: एक्स्पोर्ट करताना ‘यूटीएफ-८’ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) निवडायचे राहिले होते. प्रश्नचिन्हांची परत अक्षरे होत नाहीत. मूळ नोंद घरच्या संगणकावर होती म्हणून निभावले.

नावे आली, पण आजोबा बिघडले. त्यांचा जन्म मी ‘शके १८१९’ लिहिला होता, म्हणजे १८९७. साइटने शके गाळून नुसते १८१९ घेतले. पणजोबांचे साल १८७१, इसवी सनातच लिहिलेले. आजोबा स्वतःच्या बापापेक्षा ५२ वर्षांनी थोरले! जेडकॉममध्ये ज्यू आणि फ्रेंच क्रांतीच्या कालगणनेलासुद्धा खूण आहे, आपल्या शकाला नाही. तेव्हा तारीख इसवीत भरा आणि शके टिपणात लिहा.

आजी माहेरची द्वारका, सासरची जानकी. दोन्ही नावे फाइलमध्ये होती. साइटने पहिले घेतले, दुसरे टाकले. आता सुनांना ही द्वारका कोण ते कळेना. चुलत पणजोबा दत्तक गेले होते. दत्तकाची खूणही नियमावलीत आहे, पण तिकडे ते जनक घरातून साफ नाहीसे झाले. माझ्या हातून असा फेरफार झाला असता तर प्रांतांची नोटीस आली असती.

फोटो तर गेलेच नाहीत, कारण फाइलमध्ये फोटोचा फक्त पत्ता असतो. जेडकॉमच्या २०२१ च्या ७.० आवृत्तीत यूटीएफ-८ सक्तीचे आहे आणि फोटोंसकट एकच गाठोडे बांधता येते. पण घेणाऱ्याला ते सोडता आले पाहिजे.

म्हणून कुलमंडळांना विनंती, की साइटचे पैसे भरण्याआधी दहा माणसांची फाइल चढवून बघा. त्यांत एक दत्तक, एक नाव बदललेली सून आणि एक शके असू द्या. मग तीच फाइल उतरवून घ्या आणि काय परत मिळते ते ताडून पाहा. घरची मूळ प्रत कोणी कितीही सांगितले तरी पुसू नका.

आमचे २३० फोटो मी हातानेच चढवतो आहे. काल ६४ झाले.

– एक निवृत्त तलाठी, वाई