३० मिमी आयपीसच्या दृष्टिक्षेत्राबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: आयपीसचे दृष्टिक्षेत्र छापील आकड्यापेक्षा बरेच कमी असल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा ३० मिमी नाभीय अंतराचा दोन इंची आयपीस (दुर्बिणीत डोळ्याजवळ बसवायचे भिंग) मी एकाच हेतूने विकत घेतला होता. आकाशात जवळजवळ असलेले तारकागुच्छ, दीर्घिका आणि तेजोमेघ माझ्या ८ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून जोडीने, एकाच दृष्टिक्षेत्रात पाहता यावेत, एवढीच माझी अपेक्षा होती. खोक्यावर आणि माहितीपत्रकात दर्शनी दृष्टिक्षेत्र, म्हणजे आयपीसमधून डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाची कोनीय रुंदी, ८० अंश छापलेले आहे. माझ्या दुर्बिणीचे नाभीय अंतर १२०० मिमी असल्याने या आयपीसने प्रतिमा ४० पट मोठी दिसते, आणि ८० भागिले ४० या हिशेबाने आकाशाचा २ अंश रुंदीचा भाग दिसायला हवा. प्रत्यक्षात तो दीड अंशही भरत नाही.

शंका आली ती एम ४६ आणि एम ४७ पाहताना. व्याध ताऱ्याच्या पूर्वेस सुमारे १२ अंशांवर असलेल्या या दोन तारकागुच्छांच्या केंद्रांमध्ये साधारण १.३ अंशांचे अंतर आहे आणि प्रत्येकाचा विस्तार जवळपास अर्धा अंश आहे. म्हणजे दोन्ही पूर्ण मावायला १.८ अंश तरी लागतात. एम ४७ सुमारे १,६०० प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यातले मोजके ठळक तारे सुटे सुटे दिसतात. एम ४६ त्याच्या जवळजवळ तिप्पट दूर असल्याने तिथे मंद ताऱ्यांची दाट भुकटी पसरलेली दिसते, आणि तिच्या उत्तर कडेला एनजीसी २४३८ ही बिंबाभ्रिका (अखेरीस आलेल्या ताऱ्याने बाहेर टाकलेले वायूचे कवच) लहानशा धूसर चकतीसारखी उमटते. हे गुच्छ एकामागोमाग एक पाहिले तर पहिला कसा होता ते आठवून दुसऱ्याशी ताडावे लागते, आणि नेमके तेच टाळण्यासाठी मी हा आयपीस घेतला होता. आपल्या आयपीसमधून एक गुच्छ पूर्ण घेतला की दुसरा कडेला कापला जातो.

केवळ डोळ्यांच्या अंदाजावर तक्रार करणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मोजणी केली. मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी मिंटाका हा खगोलीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, आणि तिथला तारा पृथ्वीच्या परिवलनामुळे १ अंश सरकायला जवळपास ४ मिनिटे घेतो. दुर्बीण स्थिर ठेवून मिंटाका दृष्टिक्षेत्राच्या एका कडेपासून मध्यातून दुसऱ्या कडेपर्यंत जाण्याचा वेळ मी पाच वेळा नोंदवला. तो ८ मिनिटांच्या आसपास यायला हवा होता. सरासरी आली ५ मिनिटे ४३ सेकंद, म्हणजे १.४३ अंश. यावरून दर्शनी दृष्टिक्षेत्र सुमारे ५७ अंश ठरते. नंतर आयपीसच्या आत दृष्टिक्षेत्राची मर्यादा ठरवणारे जे धातूचे कडे असते, त्याचा आतील व्यास वर्नियर कॅलिपरने मोजला. २ अंशांसाठी तो सुमारे ४२ मिमी हवा. तो ३० मिमी आहे. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच उत्तर आल्यामुळे मोजणीत चूक असण्याची शक्यता मला दिसत नाही.

माझ्या पहिल्या पत्राला आपल्या विभागाने दिलेल्या उत्तरात आरशांच्या जुळणीतील दोष आणि चष्मा ही संभाव्य कारणे सांगितली आहेत. जुळणी बिघडली तर प्रतिमेची स्पष्टता जाते, दृष्टिक्षेत्राची रुंदी घटत नाही. चष्म्यामुळे डोळा भिंगापासून लांब राहून कडा दिसेनाशा होऊ शकतात हे खरे आहे, परंतु मी चष्मा वापरत नाही आणि मला काळी, रेखीव कड पूर्ण वर्तुळभर दिसते. शिवाय दिवसा हातात धरून मोजलेल्या कड्याचा या दोन्हींशी काही संबंध नाही.

आयपीसच्या मधल्या भागातील प्रतिमा उत्तम आहे, हेही मला नोंदवले पाहिजे. एम ८१ आणि एम ८२ या सप्तर्षीतील दीर्घिका त्यात सुरेख दिसतात. पण त्यांच्यातील अंतर सुमारे ३७ कला (६० कला म्हणजे १ अंश), म्हणजे जेमतेम सव्वा चंद्रबिंबाएवढे आहे, आणि ती जोडी माझ्या जुन्या सव्वा इंची आयपीसमध्येही सहज मावते. नवा घेतला तो त्याहून रुंद जोड्यांसाठी, आणि माहितीपत्रकात एम ४६ व एम ४७ यांचे एकत्रित चित्र छापून आपणही त्याच वापराची खात्री दिली होती.

तरी हा आयपीस परत घेऊन त्याची पूर्ण रक्कम मला द्यावी, आणि खोक्यावरील व माहितीपत्रकातील ८० अंशांचा आकडा दुरुस्त करावा, ही विनंती. पाचही वेळांच्या नोंदी आणि कॅलिपरसह काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. हा दोष केवळ माझ्या नगातला असेल, तर आपण दुसऱ्या नगाच्या कड्याचे माप घेऊन ते मला लेखी कळवावे. ते ४२ मिमी भरल्यास परताव्याऐवजी बदली आयपीस स्वीकारण्यास मी तयार आहे.

कळावे,
आपला एक ग्राहक