बंड्याच्या दाखल्यावर जे लिहिलेलं नाही

ठाणे,
१५ फेब्रुवारी २०२६, महाशिवरात्र

प्रिय विनू,

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. उत्तर दिलं नाही म्हणून रागावला असशील. मोबाईलवर दोन ओळी खरडून भागणारं नव्हतं, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. रविवार आहे, ही कौपिनेश्वराच्या रांगेत उभी आहे, कुकरमध्ये रताळी आहेत. दोन तास तरी कोणी हाक मारणार नाही.

तू विचारलंस, "आपल्या चाळीतलं कोणी वयाची साठी बघणार आहे की नाही?" तू ते चिडून लिहिलं होतंस, मला कळलं. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. आपली टीम आठव. आपण अकरा आणि बारावा सुध्या, जो कायम अंपायर. त्यातले पाच गेले. राजा ठाण्यापुढच्या दिव्याला राहायला गेला आणि अडतिसाव्या वर्षी लोकलच्या दारातून पडला. मोहन दारूत. संतोष एकोणपन्नासाव्या वर्षी झोपेत. किशा क्षयानं. आणि आता बंड्या. यातलं एकही म्हातारपणाचं मरण नाही.

आता आपले बाप बघ. तुझे बाबा वयाच्या शहात्तराव्या वर्षी गेले. आमचे अण्णा एकोणऐंशीला. बंड्याचे दादा एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि अजून आपल्या किसन नगरच्या चाळीत त्या दारात बाकड्यावर बसतात. परवा गेलो तर मला म्हणाले, "अरे, माझा नंबर होता." पुढे काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

हे उलटं कसं झालं, तेच माझ्या डोक्यात फिरतंय. तुला ठाऊक आहे, मी गेली अकरा वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत आहे. लोक म्हणतात बोअर काम. असेल. पण अकरा वर्षं रोज वयाचा रकाना भरला की माणूस न मोजताही मोजायला लागतो. आमच्या लायब्ररीत एक पुस्तिका आहे, तिच्यात लिहिलंय की १९७०-७५ मध्ये भारतातलं सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या आत होतं, ४९.७. आता सत्तरी गाठलीय, आणि महाराष्ट्राचं बहात्तरच्या पुढे गेलंय. म्हणजे आपण जन्मलो तेव्हापासून वीस वर्षं वाढली. मग किसन नगरला ती वीस वर्षं कुठल्या गल्लीत अडकली?

त्यातली गोम सांगतो. यातली बरीचशी वाढ लहान मुलांनी दिलेली आहे. पूर्वी पोरं पाच वर्षांच्या आतच जायची, ती आता जगतात. लस आली, ओआरएस आलं, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. माझ्या खिडकीत एक वर्षाच्या आतल्या बाळाची नोंद आली की अजूनही हात थांबतो, पण ती आता क्वचित येते. जे येतात ते पंचेचाळीस ते साठमधले पुरुष. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. आपल्या बापांचे जे भाऊ गावीच कोवळे गेले, ते वागळे इस्टेटला कधी आलेच नाहीत, म्हणून आपण त्यांना मोजत नाही. जे आले ते मुळात दणकट होते. तरीही, विनू, तेवढ्यानं हिशोब जुळत नाही.

तुझ्या सईनं ग्लासगोवरून जे पाठवलं होतं ते मी दोनदा वाचलं. कॅल्टन नावाच्या वस्तीत पुरुषांचं आयुर्मान ५४ आणि काही मैलांवरच्या लेन्झीत ८२, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाच्या २००८च्या अहवालातलं. आधी वाटलं, छापण्यात चूक असेल. एकाच शहरात अठ्ठावीस वर्षांचा फरक, तोही जिथे सरकारी दवाखाना सगळ्यांना फुकट आहे! तिथेही जहाजाचे कारखाने बंद पडले, माणसं बसून राहिली, मग दारू, ड्रग्ज, मारामाऱ्या. वाचताना मला आपला १६ नंबर रोड दिसत होता. आपल्याकडे १९६२ला एमआयडीसी निघाली आणि तिची पहिली वसाहत वागळे इस्टेट. आपले बाप त्याच्या जोरावर गाव सोडून आले. आपण मोठे होईतो एकेक गेट बंद होत गेलं. आज तिथे काचेच्या इमारती आहेत आणि आपल्या वयाचे लोक त्यांच्या गेटवर वॉचमन आहेत.

अण्णांना १९८३ला क्षय झाला होता, तुला आठवतंय? आपण सातवीत होतो. आईनं त्यांचं ताट वेगळं केलं होतं आणि मी खूप घाबरलो होतो. पण घरात पैसे थांबले नाहीत. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड होतं. डिस्पेन्सरीत औषध मिळायचं, आणि क्षयासारख्या लांबणाऱ्या आजाराला रजेचा भत्ताही लांबवून मिळायचा. अण्णा वर्षभर गोळ्या खाऊन, घरात बसून, रेडिओ ऐकून बरे झाले आणि परत मशीनवर गेले. आता किशा बघ. कॉन्ट्रॅक्टवर लोडिंगला. औषध त्यालाही फुकट होतं, अगदी पहिल्या गोळीपासून, वर पोषणासाठी महिन्याला पाचशे रुपये. (आता ते हजार केलेत.) पण पाचशेत चौघांचं घर कसं चालणार? दोन महिन्यांनी खोकला थांबला, ताप उतरला, तो कामावर गेला, गोळ्या सुटल्या. परत आजारी, परत सुरू, परत सुटल्या. तिसऱ्यांदा साधं औषध लागूच पडेना. क्षय दोघांनाही झाला, पण आजारी असताना अण्णांच्या घरात पैसे येत होते आणि किशाच्या येत नव्हते.

आता बंड्याचं. हे लिहायचं टाळत होतो.

त्याला बीपी आहे हे सात वर्षांपूर्वीच कळलं होतं. रिक्षाचा बॅज, म्हणजे परवाना काढायच्या वेळी नाही, एका शिबिरात. गोळ्या फुकट मिळायच्या, त्याला औषध परवडत नव्हतं असं कोणी म्हणालं तर ते खोटं. त्याच्याकडे वेळ नव्हता. रिक्षा शेठची होती, दिवसपाळीची, संध्याकाळी भाडं हातावर ठेवायचं. सकाळच्या ओपीडीला गेला की स्टेशनची भाडी गेली. आपला दवाखाना नावाचे जे निघाले त्यांची वेळ सरकारनं मुद्दाम दुपारी दोन ते रात्री दहा ठेवली, कष्टकऱ्यांच्या सोयीसाठी. कल्पना चांगलीच आहे, मी नावं ठेवणार नाही. पण रिक्षावाल्याची खरी कमाई संध्याकाळी सहा ते नऊच असते. मग गोळी संपली की पुढच्या आठवड्यात जाऊ. आणि गोळी न घेताही काही होत नाही, हाच बीपीचा कावा. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. त्यात पाणी कमी प्यायचा, कारण लघवीला रिक्षा उभी करायची कुठे? दुपारी वडापाव आणि मिठाची मिरची. मी त्याला दहा वेळा सांगितलं असेल. तो म्हणायचा, "साहेब, तुमची खिडकी पाचला बंद होते."

नोव्हेंबरमध्ये, तीन हात नाक्याच्या सिग्नलला त्याचा उजवा हात हँडलवरून घसरला. मागे बसलेल्या बाईनं आरडाओरडा केला. दोन हॉस्पिटलं फिरून तिसऱ्यात घेतलं. चौथ्या दिवशी गेला. त्रेपन्न.

नोंद माझ्याच टेबलावर आली. दुसऱ्याकडे सरकवता आली असती, पण मीच केली. हॉस्पिटलकडून मरणाच्या कारणाचा जो फॉर्म येतो, नमुना ४, त्यात तीन ओळी असतात. वर तात्कालिक कारण, खाली ते कशामुळे झालं, त्याच्या खाली मूळ काय. फॉर्मवरच छापलेलं असतं की फक्त मरण कसं आलं, म्हणजे हृदय बंद पडणं वगैरे, ते लिहू नका. बंड्याच्या फॉर्मवर पहिल्या ओळीत "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" आणि खालच्या दोन ओळी कोऱ्या. हृदय आणि श्वास बंद पडला. अरे, मेलेल्या प्रत्येक माणसाचा पडतो! वरती मेंदूतला रक्तस्राव, खाली उच्च रक्तदाब, इतकं लिहिलं असतं तर कुठल्यातरी तक्त्यात एक रेघ वाढली असती. त्या डॉक्टरला मी दोष देत नाही. रात्री तीनला, चोवीस तास जागा असलेला पोरगा असणार, घरचे बाहेर रडताहेत, बॉडी हवी आहे. पण असे कागद मी रोज बघतो, आणि ते वर जाऊन त्यांचीच आकडेवारी होते.

दुसरी गंमत वयाची. बंड्याचं नाव कागदावर ज्ञानेश्वर आणि जन्मतारीख १ जून. त्याचीच काय, आपल्या अर्ध्या वर्गाची १ जून, गुरुजींनी शाळेत घालताना ठोकलेली. म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर घरचे म्हणतात, "लिहा साठ", "लिहा सत्तर". माझ्या रजिस्टरमध्ये साठ आणि सत्तरला गर्दी आणि एकसष्टला सामसूम. त्यात जो बिहारी किंवा मराठवाड्याचा मजूर इथे आजारी पडतो, तो उठवत नाही असं झालं की गावी जातो आणि तिकडे मरतो. त्याची नोंद तिकडे. उलट शहापूर-कसाऱ्याहून उपचाराला आलेला इथे मरतो, त्याची नोंद इथे. म्हणून मला कोणी विचारलं की किसन नगरचं आयुर्मान किती, तर रजिस्टरवरून ते काढता येत नाही. सरकारचा आयुर्मानाचा तक्ता राज्याचा असतो, फार तर शहरी-ग्रामीण वेगळा. वॉर्डाचा नसतो. मुंबईच्या २००९च्या मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा आकडा चाळिशीच्या आत दिला होता आणि पेपरांनी तो खूप गाजवला. मला त्यात एक खटकतं, आयुर्मान आणि मेलेल्यांचं सरासरी वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलेजच्या हॉस्टेलात मेलेल्यांचं सरासरी वय वीस निघेल, म्हणून हॉस्टेल जीवघेणं ठरत नाही. तरुण वस्तीत हा आकडा कमी दिसणारच. पण एवढी काटछाट करूनही गोवंडीचं दुखणं उरतंच. तिथल्या पुनर्वसनाच्या इमारती इतक्या चिकटून बांधल्यात की खालच्या खोल्यांत ऊन-वारा पोचत नाही, आणि तिथे क्षय जास्त आढळला. आपल्याकडे आता क्लस्टर येतंय, म्हणजे जुन्या इमारतींचा एकत्र पुनर्विकास. मी नकाशात इमारतींमधलं अंतर शोधत बसतो, बाकीचे पार्किंग.

राजाबद्दलही सांगायचंय. गेल्या जूनमध्ये, ९ तारखेला, मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, त्या दिवशी चार जण गेले. टीव्हीवर दिवसभर चाललं होतं आणि मला राजा आठवत होता. त्याला आपल्याच भागात खोली मिळाली असती तर दिव्याला कशाला गेला असता? भाडं परवडेना म्हणून दिवा, दिवा म्हणून दार. त्याच्या नोंदीत कारण "अपघात". आरोग्याच्या कुठल्या सभेत त्याचं नाव निघणार नाही.

सकाळी कधी उपवनला काम निघालं की तलावाभोवती फिरणारे आजोबा बघतो. पांढरे बूट, टोपी, पंच्याहत्तरीचे, कोणी ऐंशीचे, हास्यक्लबात हात वर करून हसताहेत. मला त्यांचा राग येत नाही, खरंच. फक्त बंड्याचे दादा त्यांच्यात असते तर एकटेच असते, त्यांच्या मुलाच्या वयाचं तिथे कोणी नसतं, कारण या आजोबांची मुलं सगळी ऑफिसात जिवंत आहेत. किसन नगरहून हे रिक्षानं पंधरा मिनिटं.

सुमनवहिनी मागच्या मंगळवारी खिडकीत आली होती. दाखल्याच्या आठ कॉप्या हव्या होत्या, बँक, एलआयसी, रेशन, शाळा. ती खूप वाळलीय. उठताना तिला अंधारी आली, मी पाणी दिलं. तिचं हिमोग्लोबिन कधी तपासलं म्हटल्यावर म्हणाली, "बाळंतपणात." म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी. तिनं दाखला उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "भावोजी, हे कशानं गेले ते यात कुठं लिहिलंय?" मी सांगितलं, वहिनी, दाखल्यावर कारण नसतं, नाव, तारीख, ठिकाण, एवढंच. तिनं तो चौकोनी घडी घालून पिशवीत ठेवला. तिच्या मागे रांगेत नऊ माणसं होती.

तू पैसे पाठवायचं म्हणाला होतास. पाठव, पण तिच्या खात्यात पाठव, थोरल्याच्या नको. धाकट्याला रिक्षाचा बॅज काढायचाय म्हणतो. मी त्याला आयटीआयला घालायचं बघतोय, तुझी तिथल्या कोणाशी ओळख असेल तर कळव.

आणि एक. त्या दिवशी घरी येताना मी स्वतःचं बीपी मोजलं. १५८/९६. तीन दिवस लपवलं, मग हिनं शोधून काढलं. गोळी सुरू केलीय. मंगळवारी परत दाखवायचंय, सकाळी अकराला, त्या तासाभरात खिडकीवर कोण बसणार ते उद्या साहेबांशी बोलतो. तूही मोजून घे आणि आकडा कळव, "ठीक आहे" असं लिहू नकोस.

रताळी झाली वाटतं, शिट्टी झाली.

तुझा,
दिन्या