औषध नखाला, रोग बुटात: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका

विषय: नखांची बुरशी – सफाई कामगार, जलतरण तलाव आणि नागरी आरोग्य केंद्रे

महोदय,

सोलापूरचा उन्हाळा एवढा कोरडा, मग इथे बुरशी कुठून येणार, असे कोणालाही वाटेल. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो हे खरेच आहे. पण ही बुरशी शहराच्या हवेवर जगत नाही. तिला बूट पुरतो. गमबुटात आठ तास घामेजलेल्या पायाला बारा महिने पावसाळाच असतो.

पायाच्या नखांत बहुतेक वेळा सापडते ती ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची बुरशी. कातडी, नख आणि केसांतले केराटिन हे प्रथिन तिचे अन्न. सुरुवात सहसा नखात होत नाही. आधी बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, किंवा तळव्याची कातडी कोरडी पडून पीठ सांडल्यासारखी सुटते. खाज कमी असली की कोणी लक्ष देत नाही. काही महिन्यांनी बुरशी नखाच्या पुढच्या किंवा बाजूच्या कडेखाली शिरते. नख पिवळे, जाड होते, खाली खडूसारखा भुसा साठतो. हा भुसा आणि सुटलेली कातडी मोज्यात, बुटात, ओल्या फरशीवर पडते आणि त्यातले बीजाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पुढचा अनवाणी, ओला पाय त्यावर पडला की काम झाले. घट्ट बुटाने दबलेले किंवा ठेच लागून उचकटलेले नख असेल तर बुरशीला वाट आयतीच मिळते. घरात एकच नेलकटर आणि एकच पायपुसणे असते, त्यातूनही ती पसरते. हात मिळवल्याने मात्र नखाची बुरशी लागत नाही, तेव्हा अशा कामगाराला वेगळे बसवण्याचे कारण नाही.

सर्वाधिक धोका कोणाला, याचे उत्तर आपल्या हजेरीपटावरच आहे: गटार आणि कचऱ्याचे काम करणारे. त्यांच्याबरोबर रंगाई-धुलाईच्या कारखान्यांत दिवसभर ओल्यात उभे राहणारे, साठीपुढचे, धूम्रपान करणारे, सोरायसिसचे रुग्ण, एचआयव्ही असलेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे. आणि मधुमेही. दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांच्या हाताच्या नखांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे पाण्याने नखाची कड सैल होते, नखुरडे होते आणि पुष्कळदा कँडिडा ही यीस्ट सापडते. त्यावर गोळीपेक्षा हात कोरडे ठेवणे, आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालणे जास्त उपयोगी.

आता आमची मागणी. गमबूट देताना प्रत्येकाला दोन जोड द्या. आतून ओला झालेला बूट रात्रीत वाळत नाही. एक दिवस आड वापरला तरच त्याला चोवीस तासांहून जास्त वेळ मिळतो. बुटावर नाव किंवा क्रमांक रंगवा, आणि काम सोडून गेलेल्याचा बूट नव्या माणसाला देऊ नका. माप घेतल्याशिवाय बूट नकोत, कारण अंगठा पुढे दाबला गेला की नखाला रोज मार बसतो. मोजे सुती आणि माणशी किमान सहा जोड हवेत, म्हणजे दुपारी एकदा बदलता येतील. ते उलटे करून साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. पाय धुवायला तांब्याभर पाणी पुरते. महत्त्वाचे आहे ते नंतर बेचके पुसणे, आणि पायाचा टॉवेल वेगळा ठेवणे. देशाला टेरी टॉवेल पुरवणाऱ्या गावाला हे जड जाऊ नये! बेचक्यांत खाज असणाऱ्याने कपडे घालताना आधी मोजे घालावेत, मग अंतर्वस्त्र. उलट केले तर पायाची बुरशी जांघेत पोचते.

जलतरण तलावात दोष क्लोरीनच्या पाण्याचा नसतो. धोका असतो कपडे बदलायच्या खोलीत आणि शॉवरखाली. तिथली कापडी पायपुसणी काढून टाका, तलावाच्या काठापर्यंत चप्पल सक्तीची करा. फरशी रोज आधी साबणाने घासायची, मग ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट एक लिटर आणि पाणी नऊ लिटर असे द्रावण १० मिनिटे फरशीवर ओले ठेवून धुवायचे. घाण न काढता नुसते द्रावण ओतले तर क्लोरीन घाणीतच खर्ची पडते. त्यात ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. पाय बुडवायच्या हौदावर खर्च करू नका. दोन सेकंदांच्या बुडीने बीजाणू मरत नाहीत.

सर्वांत मोठी चूक होते ती औषधात. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची असतात. बाकीची मार, सोरायसिस, वय यांमुळे. ‘कॅल्शियम कमी झाले’ हे निदान तर गल्लोगल्ली मिळते. म्हणून गोळीआधी तपासणी हवी, आणि ती स्वस्त आहे. नख ७० टक्के स्पिरिटने पुसायचे, सैल भाग कापायचा, निरोगी नखाच्या हद्दीजवळचा भुसा खरवडून काळ्या कागदावर घ्यायचा. काचपट्टीवर २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दोन थेंब टाकून नख मऊ झाले की सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. नुसते नखाचे टोक कापून पाठवले तर तिथे बुरशी मेलेली असते आणि अहवाल खोटाच ‘नाही’ येतो. नुकतेच बुरशीचे मलम लावले असले तरी तसेच होते. शंका राहिली तर पुन्हा नमुना घ्यावा. कल्चर, म्हणजे बुरशी वाढवून पाहण्याची तपासणी, हवी असेल तर नमुना कोरड्या कागदातच पाठवावा. तिला चार आठवडे लागू शकतात.

बुरशी ठरली तर प्रौढांत सहसा टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, पायाच्या नखांसाठी १२ आठवडे, हाताच्या नखांसाठी ६, तेही यकृताची तपासणी करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. इट्राकोनॅझोल हे दुसरे बुरशीविरोधी औषध हृदय कमजोर असलेल्यांना चालत नाही. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते, त्यामुळे औषध संपले तरी नख स्वच्छ दिसायला १२ ते १८ महिने लागतात. हे कोणी सांगत नाही, म्हणून रुग्ण ‘फरक नाही’ म्हणत सहाव्या आठवड्यात गोळी सोडतो. आणि गोळी पूर्ण केली, पण बूट तोच राहिला, तर बुरशी परत येते.

दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे लालसरपणा दाबतात, बुरशी पसरू देतात. टर्बिनाफिनला अनेकदा दाद न देणारी, २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असे नाव मिळालेली कातडीची बुरशी भारतातून जगभर गेली आहे. अन्न व औषध प्रशासनाशी याबाबत आपण पत्रव्यवहार करावा.

नागरी आरोग्य केंद्रांत मधुमेहाची तपासणी करताना रुग्णाला मोजे काढायला सांगा, एवढी एक ओळ परिपत्रकात घाला. मधुमेह्याच्या बधिर पायात जाड नख शेजारच्या बोटाला कापते, भेगाळलेल्या चिखल्यांतून जिवाणू शिरतात आणि पाय सुजून लाल होईपर्यंत त्याला कळत नाही. असा सुजलेला, गरम पाय त्याच दिवशी रुग्णालयात गेला पाहिजे.

केंद्रांतील प्रयोगशाळा तंत्रज्ञांना नखाचा नमुना घ्यायला आणि पट्टी वाचायला शिकवण्याची आमची तयारी आहे. त्याला दोन दुपारी पुरतील. जागा आणि सूक्ष्मदर्शक तेवढे आपले हवेत.

आपले,
सोलापुरातील काही त्वचारोगतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि औषधनिर्माते