लेहच्या वाटेवर गाडीची पाहणी

डिचोली, गोवा

चि. बाय, अनेक आशीर्वाद.

जूनमध्ये बुलेटवरून लेहला जायचं तू ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद आहे. काळजीही आहे, म्हणून लिहितो.

फौजेत गाडीची पाहणी दिवसातून तीनदा होते: निघण्याआधी, वाटेतल्या थांब्यावर आणि मुक्कामाला पोचल्यावर. बहुतेक जण पहिली तेवढी करतात. पण गाडी वाचवते ती दुसरी. दर दोन तासांनी थांबायचं आणि चहा मागवण्याआधी दोन्ही चाकांच्या हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात न्यायचा. ब्रेकच्या डिस्कला मात्र हात लावू नकोस, भाजेल. एक हब रोजच्यापेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. मग इंजिनखाली तेल ठिबकतंय का बघ, आणि कॅरिअरचे व सायलेन्सरचे नट पान्याने चाचपून घे; बुलेटच्या थरथरीने तेच आधी सैल होतात.

मुक्कामी पोचलीस की चेन गरम असतानाच तेल दे, म्हणजे ते आत मुरतं. ताण सकाळी बघ. साधारण 25 ते 30 मिलिमीटर ढील हवी. पण आकडा तुझ्या गाडीच्या पुस्तकातलाच धर. चाक फिरवत चार ठिकाणी मोज, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट: सामानाने मागचं सस्पेन्शन दबलं की ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

निघताना साखळी, केरी या गावांवरून चोर्ला घाटाने बेळगाव गाठ. पहिल्या पावसात वळणांवर लाल माती वाहून आलेली असते, तिथे पुढचा ब्रेक दाबू नकोस. पुण्याहून मुंबईकडे वळलीस तर जुना हायवे धर. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे.

लेहला जाताना श्रीनगरवरून जा, मनालीवरून परत ये. यात बदल नको. वाटेतली झोजीला ही खिंड 3,528 मीटर, मग कारगिलला पुन्हा 2,700च्या आसपास उतरतेस, त्यामुळे शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. मनालीकडून गेलं की थेट सरचूसारख्या खूप उंच मुक्कामावर झोपावं लागतं आणि डोकं धरतं. लेहला पोचल्यावर दोन रात्री कुठेही जाऊ नकोस.

परतीच्या मनाली रस्त्यावरची तांगलांगला ही खिंड 5,328 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब आपल्या किनाऱ्याच्या जवळपास निम्मा. गाडीचं फ्युएल इंजेक्शन विरळ हवेप्रमाणे पेट्रोल बेताचं करतं, पण ताकद घटायची ती घटतेच. पहिल्या गिअरमध्ये शांतपणे चढव. अर्धा क्लच धरून रेटलीस तर प्लेटी जळतील, आणि तिथे मेकॅनिक मिळायचा नाही.

नाले सकाळी लवकर ओलांड. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. आधी कुणी जात असेल तर त्याचं चाक किती बुडतं ते बघ. पलीकडे गेलीस की ब्रेक हलके दाबत थोडं चालव, म्हणजे ते सुकतील.

जादा क्लच केबल मागवून ठेवली आहे. शनिवारी आलीस की जुन्या केबलला समांतर बांधून देतो, म्हणजे तुटली तर टाकी न काढता फक्त दोन टोकं जोडायची.

तुझा,
बाबा