एसएमपीएसच्या वादात तुझेच खरे होते

सांगली,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

मार्चपासून तुला एक ओळही लिहिली नाही आणि त्याची बोच रोज होती. आज मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण गेल्या तीन आठवड्यांत आपल्या कॉम्प्युटरवर जे घडले ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून कळणार नाही. ‘आपल्या’ म्हणतो, कारण त्याचा एकेक स्क्रू तूच आवळला होतास. त्याला वीज पुरवणाऱ्या डब्यावरून, म्हणजे एसएमपीएसवरून, २०१८ मध्ये आपला जो वाद झाला, त्यात तुझेच खरे निघाले. आईची साखर आटोक्यात आहे, माझी पाठ बरी आहे, बाकी सारे क्षेम.

आधी एक कबुली देतो. शनिवारी रात्री तुमच्यात खेळायला येणे मी बंद केले तेव्हा नेट नीट चालत नाही, असे सांगितले होते. ते खरे नव्हते. तुम्ही सर्वांनी घेतलेला नवा गेम आपल्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला, जीटीएक्स १०६० ला, झेपत नव्हता, आणि तसे कळवले असते तर तू नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनहून कार्ड पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून मी गप्प राहिलो. शेवटी सप्टेंबरात मिरजेच्या एका मुलाकडून वापरलेले आरटीएक्स ३०७० कार्ड घेतले. तुला न सांगता एखाद्या शनिवारी अचानक हजर व्हायचे, असा बेत होता.

पहिल्या रात्री वीसेक मिनिटे पडद्यावर असे काही दृश्य होते की मी हिला हाक मारून दाखवले. मग पडदा काळा झाला, कार्डाचे पंखे घोंघावू लागले आणि हेडफोनमध्ये आवाजाचा एकच तुकडा अडकून वाजत राहिला. थोड्या वेळाने डेस्कटॉप परत आला, पण गेम बंद पडला होता. दुसऱ्या रात्री तेवढेही झाले नाही. कोणी प्लग उपटावा तसा कॉम्प्युटर बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू झाला. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, पहिल्या प्रकाराला ४१०१ ची नोंद होती, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला आणि पुन्हा सावरला. दुसऱ्या प्रकाराला कर्नल-पॉवर ४१. ही ४१ ची नोंद फार फसवी असते. विंडोज रीतसर बंद न होताच मशीन बंद पडले, एवढेच ती सांगते. का पडले ते सांगत नाही. तिच्या तपशिलात बगचेक, म्हणजे बिघाडाचा, कोड शून्य होता, म्हणजे बिघाडाचा निळा पडदा नोंदवण्याइतकीही सवड विंडोजला मिळाली नव्हती. ती खूण मी तेव्हाच ओळखायला हवी होती.

त्याऐवजी मी ड्रायव्हरच्या मागे लागलो. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रामने जुन्या ड्रायव्हरचा मागमूस पुसला आणि नवा टाकला, तोही दोनदा. रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी बंद केले, रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर लावून चारही फेऱ्या निर्दोष आल्याचे सकाळी पाहिले. कार्डाच्या उत्तरासाठी विंडोज मुळात दोन सेकंद थांबते. ती मुदत रजिस्ट्रीतून वाढवून पाहिली, तर पडदा काळा राहण्याचा वेळ तेवढा वाढला. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येत, म्हणून वायरमनला बोलावले, तेव्हा त्या खोलीतल्या प्लगला अर्थिंगच जोडलेले नाही, असे निघाले. ते करून घेतले. मुंग्या थांबल्या, क्रॅश थांबले नाहीत. सर्वांत जास्त भरकटवले ते कार्डावर भार टाकून पाहणाऱ्या फरमार्क या प्रोग्रामने. अर्धा तास ते कार्डाला पिळून काढत होते, तापमान ७२ अंशांवर स्थिर होते आणि कार्डाने हूं की चूं केले नाही. एवढा भार सोसणारे कार्ड गेममध्ये, तेही अनेकदा मेनूतून खेळात शिरताना, का कोसळावे?

इथे माझ्या हातून एक चूक घडली. इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये थांबल्यावर त्यासाठी राबवलेली कित्येक कार्डे जुन्या बाजारात आली, हे तुलाही ठाऊक आहे. हे कार्ड त्यांपैकीच असणार आणि त्या मुलाने ते माझ्यापासून लपवले, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि रात्री एक वाजता त्याला पैसे परत मागणारा अतिशय कठोर मेसेज लिहिला. त्याचे साधे उत्तर आले : “दादा, कार्ड माझ्याकडे नीट चालत होतं. तुमचा एसएमपीएस कोणता आहे?” मिलिंद, तो प्रश्न वाचला आणि मला महालक्ष्मी एक्सप्रेसचा तो डबा आठवला.

जानेवारी २०१८. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दिवसभर पायपीट केलेली, मायनिंगवाल्यांनी कार्डांचे भाव चढवून ठेवलेले, आणि १०६० घेतल्यावर माझ्याकडे उरलेले मोजके पैसे. तू ६५० वॅटच्या, दोन स्वतंत्र केबलवाल्या एसएमपीएससाठी अडून बसला होतास. १२० वॅटच्या कार्डाला आणि आय५-८४०० प्रोसेसरला एवढी वीज लागतेच कुठे, असे म्हणून मी ५०० वॅटचा स्वस्तातला घेतला. “आज लागत नाही, पण हे कार्ड जन्मभर राहणार आहे का?” असे तू विचारलेस, आणि त्यावर मी जे बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. पुणे येईपर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही आणि काकूंनी दिलेल्या साऱ्या दशम्या तू एकट्याने संपवल्यास. वसतिगृहात रॅमच्या प्रकरणातही मी असाच तुझ्यावर आळ घेतला होता, आणि निघाले काय, तर रॅम नीट बसलेली नव्हती!

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उघडले. ३०७० ला आठ पिनांचे दोन सॉकेट आहेत आणि आपल्या एसएमपीएसमधून कार्डासाठी एकच केबल निघते, तिलाच पुढे दोन तोंडे. म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणारे ७५ वॅट सोडले तर बाकीचा सारा भार त्या एका केबलवर. कार्ड २२० वॅटचे म्हणतात, पण तो सरासरीचा हिशेब झाला. दृश्य बदलले, फ्रेमची संख्या एकदम वरखाली झाली, की काही मिलिसेकंदांपुरती त्याची मागणी त्याच्या कितीतरी वर उसळते. फरमार्कचा भार मोठा असला तरी सपाट असतो, म्हणून तो निभावला. गेमच्या उसळीला मात्र जुना एसएमपीएस पुरा पडत नव्हता : व्होल्टेज जरा घसरले तर ड्रायव्हर कोसळायचा, आणि उसळी फार मोठी असली तर एसएमपीएसचे संरक्षण जागे होऊन सगळेच बंद करायचे. खात्री करण्यासाठी आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा, ७० टक्क्यांवर आणले, फ्रेमना सेकंदाला ६० ची मर्यादा घातली आणि तीन तास खेळलो. एकदाही क्रॅश झाला नाही. मग ७५० वॅटचा एसएमपीएस आणला, दोन वेगवेगळ्या केबल ओढल्या, दोन्ही मर्यादा काढल्या, आणि आज नववा दिवस आहे. तरीही गेम लावला की विसाव्या मिनिटाला माझी नजर घड्याळाकडे जाते. ती भीती अजून गेलेली नाही.

त्या मुलाची क्षमा मागायला मी स्वतः मिरजेला जाऊन आलो. फोनवर उरकण्यासारखी ती गोष्ट नव्हती. त्याने चहा केला आणि नव्या केबल कशा ओढल्या त्याचा फोटो मागून घेतला. तुझी क्षमा मात्र या पत्रातूनच मागतो, २०१८ ची आणि नेटच्या खोट्या सबबीचीही.

तुमच्या नव्या घराचे आईकडून कळले, फार आनंद झाला. लेक डच शाळेत रुळली का? वहिनींची परीक्षा कशी झाली? काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीनंतर आहे ना? मी सोबत जाईन, तू काळजी करू नकोस. फराळाचा डबा काल कुरिअरने रवाना केला आहे.

आता एक सल्ला हवा आहे. भाच्यासाठी जुन्या सुट्या भागांतून मशीन उभे करायचे आहे, त्यात १०६० जाईल. त्याच्यासोबत हा जुना ५०० वॅटचाच एसएमपीएस लावावा का? १२० वॅट त्याला जड जाऊ नयेत. पण पावणेआठ वर्षांचा झाला आहे आणि वरून हे सारे क्रॅश सोसलेले आहेत. माझे मन धजावत नाही. तू सांगशील तसे करीन.

पुढचा शनिवार धनत्रयोदशीचा आहे, म्हणून २५ तारखेला येतो. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे इथले साडेअकरा. त्याच रात्री तुमची घड्याळे एक तास मागे जाणार आहेत, तेव्हा १ नोव्हेंबरपासून सातला बसता आले तर मला सोयीचे होईल. मायक्रोफोन तपासून ठेवला आहे.

तुझा,
शेखर